लाइन गेली की अभ्यास

आर्वीत लाइन गेली की तुमच्या आईचा अभ्यास सुरू व्हायचा. लाइन म्हणजे वीज. आपल्याकडे विजेला वीज कोणी म्हणत नाही. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत भारनियमन होतं. लाइन कधी सकाळी जायची, कधी दुपारी, आणि या वेळा सारख्या बदलायच्या. आता तुम्ही विचाराल, विजेशिवाय संगणकाचा अभ्यास कसा व्हायचा?

तुमच्या आईने लग्नानंतर विद्यापीठाच्या संगणकाच्या दूरस्थ अभ्यासक्रमात प्रवेश घेतला होता. पुस्तकं टपालाने यायची, रविवारी वर्ध्याच्या केंद्रावर तास असायचे आणि काही धडे व चाचण्या इंटरनेटवर. ही पदवी हातात पडली तर आर्वीच्या एका कॉलेजात शिकवायची जागा तिला मिळणार होती. लग्नाआधीपासून तिला शिकवायचंच होतं.

मी, तुमची आजी, तिची सासू, नागपूरच्या इंग्रजी शाळेत वाढलेली. घंटा झाली की पुस्तक उघडायचं, घंटा झाली की मिटायचं. मी तिला सुंदर वेळापत्रक आखून दिलं: पहाटे वाचन, दुपारी लेखन, संध्याकाळी उजळणी. ते आठवडाभरही टिकलं नाही. पहाटे तू जागी व्हायचीस (थोरले, तुलाच म्हणते), दुपारी पाहुणे टपकायचे, संध्याकाळी टीव्ही. तुमचे आजोबा हसून मला म्हणाले, "मास्तरीणबाई, घरात घंटा नाई वाजत!"

तुमच्या आईने मग आपली तऱ्हा शोधली. लाइन आली की घरात एकच धावपळ असायची: मोटर लावा, मिक्सर फिरवा, दळण आणा, इस्त्री करा. ती तेव्हा सगळी कामं उरकायची आणि जवळच्या सायबर कॅफेत जाऊन नवा धडा छापून आणायची. लाइन गेली की टीव्ही बंद, मोटर बंद, शेजारणी आपापल्या ओट्यावर वारा घेत बसलेल्या. ती मग आपल्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याशी बसून वाचायची. गिऱ्हाईक आलं की बोट पानात ठेवून खिळे तोलायची, सुटे पैसे द्यायची आणि त्याच ओळीवर परत यायची. असा अभ्यास होतो हे मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. पण तिचे गृहपाठ चांगले गुण घेऊन येत होते.

मग आली शेवटच्या सत्राची चाचणी. ठरलेल्या दुपारी, ठरलेल्या तासात, इंटरनेटवरच द्यायची. चुकली की सत्र वाया, आणि कॉलेज वर्षभर थांबणार नव्हतं. नेमक्या त्याच आठवड्यात भारनियमनाच्या वेळा बदलल्या आणि आर्वीची लाइन दुपारची जाऊ लागली. गावातल्या एकाही कॅफेत बॅटरी धड नव्हती.

"आई, पुलगावला जाते," ती म्हणाली.

"बाळ?"

"तिला दूध लागेल. तिलाही नेते."

"मग मीही येते," मी म्हटलं. मला घरी बसवलंच नसतं!

बसस्टँडवर पुलगावहून आलेली गाडी नुकतीच लागत होती. कंडक्टर खाली उतरतो न उतरतो तोच तुमच्या आईने विचारलं, "भाऊ, पुलगावला लाइन आहे का?"

"नाई ना बाई. सकाळपासून पत्ता नाई तिचा. काऊन, लग्न हाय का कोनाचं?"

"परीक्षा आहे!"

"मंग वर्ध्याले जा. तिकडे हाय म्हन्ते. थे पाहा, गाडी निघून राह्यली!"

आम्ही धावलो. माझ्या एका हातात तू, दुसऱ्या हातात पातळाच्या निऱ्या. कंडक्टरने मागून शिटी मारून ती गाडी थांबवली. जागा एकच मिळाली, ती मला आणि तुला. तुमची आई दांडी धरून वर्ध्यापर्यंत उभ्याने वाचत होती. मी दर थांब्याला घड्याळ बघत होते, जणू पेपर मलाच द्यायचा होता.

वर्ध्याच्या कॅफेत लाइन होती. तुमची आई घाम पुसत बसली, तोवर चाचणी सुरू झालीच. मी तुला घेऊन तिच्या मागे उभी. अर्धे प्रश्न झाले असतील नसतील, पंखा मंदावला आणि थांबला. यूपीएस टीं-टीं करू लागला.

मालक ओरडला, "ज्याचं जे हाय ते सेव्ह करून घ्या! बॅटरी म्हातारी हाय!"

पोरं भराभर उठली. कोणी शिव्या देत होतं, कोणी खुर्ची पाडली, आणि त्या गलक्याने तू भोकाड पसरलंस. मी तुला दारात नेऊन हलवू लागले, पण नजर तिच्यावरच. ती वळलीसुद्धा नाही. उन्हाळाभर असल्याच गोंगाटात, खिळे आणि सुटे पैसे यांच्यामधून तिने हे सगळं वाचलं होतं. एक प्रश्न, टिचकी. दुसरा प्रश्न, टिचकी. टीं-टीं चालूच.

"आई, गेला पेपर! पोचला म्हणतोय!"

मी धावत येऊन पडद्यावरची ती ओळ स्वतः वाचली. तुमची आई खुर्चीतच उड्या मारत होती, आणि मालक म्हणाला, "आता पेढे तं पाह्यजेतच." मग पडदा काळा झाला.

बाहेर येऊन मी एसटीडी बूथवरून आजोबांना फोन लावला. "झाली चाचणी! सगळे प्रश्न सोडवले!" मी एवढ्या मोठ्याने बोलले की रांगेतली माणसं हसली.

"वा वा!" आजोबा म्हणाले. "मंग आता निघा लवकर. दुकानात गर्दी हाय, सुनबाई पाह्यजे."

"गर्दी तुम्ही सांभाळा," मी म्हटलं. "शिक्षिकाबाई आज हॉटेलात जेवणार आहेत."

तुमच्या आईने त्या दिवशी दोन मसाला डोसे एकटीने फस्त केले.