पेटी जरा लवकर वाजली

मामांची शोकसभा परळला, आमच्या इमारतीच्या सभागृहात ठेवली होती. त्यांनी उभी केलेली दशावतारी मंडळी त्यासाठी गावाहून आली होती. घरचा माणूस म्हणून आधी मी बोलावं, असं ठरलं. मामांबद्दल चांगलं बोलायला मला शब्द शोधावे लागले नसते. पण त्यांच्या मुंबईतल्या शेवटच्या प्रयोगाला मी जे केलं, ते सांगितल्याशिवाय बोलणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं.

मामा तरुणपणी लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात मागावर होते, राहायला आमच्याच खोलीत. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्याबरोबरचे कुणी वॉचमन झाले, कुणी नुसते घरी बसले. मामांनी गावी जाऊन नाटकमंडळी काढली. जाताना आईची लग्नातली नऊवारी मागून नेली, कारण राणीला नेसायला काही नव्हतं. राणी म्हणजे त्यांच्याच खात्यातला एक दांडगा मिशीवाला. त्याने मिशी उतरवली याचंच गावाला जास्त अप्रूप वाटलं. ती नऊवारी परत आली नाही आणि आईनेही कधी विचारली नाही. पुढे जत्रांचा हंगाम सुरू झाला की मंडळीचे मालक म्हणून मामा गावोगाव हिंडायचे. वर्षातून एकदा मुंबईला प्रयोग घेऊन यायचे. इथली व्यवस्था माझ्याकडे असायची.

दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. प्रयोगाआधी मामा सगळ्यांना गोल बसवून कथा सांगायचे. संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या बोलायचे. बोलणं संपतंय असं दिसलं की पेटीवर बसलेले बुवा सूर धरतात आणि नट पद म्हणायला लागतो. मामांचा मंडळीत एकच दंडक होता. सोबतचा चुकला तर ती चूक आपण अंगावर घ्यायची, त्याला लोकांसमोर उघडं पाडायचं नाही.

गेल्या वर्षी मामांनी सांगितलं की हा त्यांचा मुंबईतला शेवटचा प्रयोग. त्यांनी कथाही तशीच निवडली होती. म्हातारा राजा राज्य सोडून वनात निघतो. राजाच्या तोंडून मामांना इथल्या माणसांचा निरोप घ्यायचा होता. दशावतार रात्रीचा खेळ, आणि हॉल दुपारचा मिळाला म्हणून त्यांनी मला ऐकवलंच, "दुपारचो राक्षस? त्याका जेवान तरी पचू दी रे." मी शहरी मराठीत काहीतरी समजूत घातली, तर म्हणाले, "बोल बोल, टीव्हीवरच्या बातम्यांसारखो बोल."

पण त्या आठवड्यात मामा आमच्याकडे उतरले होते आणि मी त्यांना जवळून पाहत होतो. चहा घेतल्यावर पुन्हा चहा मागायचे. आई जाऊन किती वर्षं झाली, हे रोज विचारायचे. मला धसका बसला. भरल्या हॉलसमोर ते अडखळले तर? मी बुवांना गाठलं आणि मामा जरा थांबले तरी लगेच सूर धरा, असं सांगितलं. बुवांना ते पटलं नव्हतं. मी आग्रहच धरला, तेव्हा ते म्हणाले, तुम्ही विंगेतून मान हलवा, मग बघू.

मामा मुकुट घालून उभे राहिले तेव्हा त्यांचं वय कुठे गेलं कोण जाणे. राणीशी बोलले, प्रधानाशी बोलले, मग लोकांकडे वळले आणि थांबले. डोळे बारीक करून समोर बघत राहिले. कुणी खोकलंदेखील नाही. मला ते सोसवेना. मी मान हलवली.

पेटी वाजली. मामांनी बुवांकडे पाहिलंच नाही. त्यांनी विंगेत माझ्याकडे पाहिलं, अगदी पळभर, आणि पद उचललं. बोलणं जणू तिथेच संपवायचं होतं, असं. टाळ्या पडल्या. निरोप राहून गेला.

परतताना टॅक्सी हिंदमाताच्या सिग्नलला उभी होती. मामांच्या कानामागे रंग राहिला होता. ते म्हणाले, "तुका वाटला, मी इसारलंय?"

"नाही मामा, हॉलची वेळ संपत आली होती."

हेसुद्धा खोटंच. ते साड्यांच्या दुकानांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जत्रेत माणसांची तोंडा दिसतत. हंय सगळो काळोख. डोळे जरा सरावले असते तर दिसली असती. तोंडा बघल्याशिवाय निरोप कसो घेवचो?"

काय बोलणार होता, असं मी विचारलं. "ता थंयच बोलूचा होता," म्हणाले, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. तो शब्द त्या जागेचा होता. टॅक्सीत तो निघाला नसता, आणि मी तो तिथे मागायलाच नको होता.

हॉलमधले दिवे लावा, एवढं सांगणं माझ्या हातात होतं. ते मला सुचलं नाही. मला फक्त त्यांचं म्हातारपण झाकायचं होतं.

शोकसभेत मी सभागृहातले सगळे दिवे लावायला सांगितले. मंडळीने पेटी, मृदंग मांडला होता. माझ्यानंतर मामांचं पद म्हणायचं होतं. बुवांना मी आधी भेटून हात जोडले. ते म्हणाले, "मालकांनी पद उचलल्यानी म्हणान माझी लाज रवली. तुमचीव." म्हणजे त्या दिवशी मामांनी आम्हा दोघांचीही चूक अंगावर घेतली होती.

मग मी बोलायला उभा राहिलो. समोर मामांबरोबर गिरणीत असलेले तिघे-चौघे म्हातारे पहिल्या रांगेत, मागे आमच्या मजल्यावरच्या बाया, खुर्च्या न मिळालेले भिंतीला टेकून. सगळे चेहरे लख्ख दिसत होते. मान मी हलवली होती, हे सांगायचं ठरवून आलो होतो. पहिलं वाक्य लगेच आलं नाही. मी बुवांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पेटीवरून काढून मांडीवर ठेवले होते आणि ते माझ्या बोलण्यासाठी थांबले होते.