वाकडी झाकणं

डोंबिवलीच्या कारखान्यात मी प्लास्टिकचे डबे तपासायचो. तापलेल्या प्लास्टिकमधल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्यांना घड्या घालून नीट बसायला साच्यात थोडा वेळ द्यावा लागतो. शेठला तेवढाही धीर नव्हता. झाकणं गरमच बाहेर काढायचा. मग त्या साखळ्या गिऱ्हाइकाच्या गोदामातही घड्या घालत राहायच्या आणि झाकणं आक्रसून वाकडी व्हायची. मी सांगितलं तर म्हणाला, "अरे, इथून निघताना सरळ असतात ना? मार सही." शी! किळस आली, तरी मारली.

दिवाळीला आम्हा कामगारांना त्याने तोच माल भेट दिला. त्यातून आमटी नेली, तर ठाण्याच्या बसमध्ये सगळी पिशवीत सांडली. बरबटलेला डबा पुसताना तळाची चिठ्ठी दिसली: 'तपासले'. खाली माझीच सही.