वृषालीने कळवलेली चूक

वृषाली गेल्याचं मला तिच्या भावाने, सुहासने, फोन करून सांगितलं. कामाच्या एका प्रोग्रामबद्दल ती ज्याला लिहायची, त्या परदेशातल्या माणसाला मात्र ते मी कळवावं, असं तिच्या आईचं म्हणणं पडलं. "चारूताई, तुला ते इंग्रजी नीट जमेल," सुहास म्हणाला. मला रागच आला. माझं अजून नीट रडूनही झालं नव्हतं, आणि त्यातही त्याचा वाटा काढायचा?

आम्ही दोघी डोंबिवलीच्या. कॉलेजात एकत्र, पुढे ठाण्यातल्या एकाच कंपनीत सर्व्हर सांभाळायला. लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडायची, तिच्यात आज्ञा टाईप करायच्या आणि दूर कुठेतरी असलेल्या सर्व्हरकडून काम करून घ्यायचं. ही खिडकी उघडून देणारा प्रोग्राम फुकट मिळतो. जगभरातले हौशी लोक तो सांभाळतात. किडन्या निकामी झाल्यावर वृषाली कल्याणच्या डायलिसिस सेंटरमधूनच काम करायला लागली. तिथली खोली तळघरात, मोबाईलची रेंज सारखी येऊन-जाऊन. रेंज नसताना चुकून एखादं अक्षर टाईप झालं, की रेंज परत आली तरी ती खिडकी गोठलेलीच. मग बंद करा, पुन्हा उघडा, अर्धवट काम पहिल्यापासून.

हे मलाही व्हायचं. "रेंज गेली की हात आवरायचा, सोप्पं आहे," मी म्हटलं.

"अगं, चूक प्रोग्रामची आहे. मी का हात आवरू?"

तिने चूक कळवली. प्रोग्राम सांभाळणाऱ्या त्या परदेशातल्या माणसाचं उत्तर आलं, माझ्याकडे असं होत नाही. मी असते तर तिथेच सोडलं असतं. ती चिकटून बसली. रेंज कधी गेली, तेव्हा काय टाईप केलं, सगळं त्याला लिहीत राहिली. त्याची उत्तरंही मोठी होत गेली. मी फोन केला की विषय तोच. "तो म्हणाला, इतकं नेमकं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं." आवाज असा, जणू पहिला नंबर आलाय. माझ्या कामाबद्दल कुणी असं कधी म्हटलं नव्हतं…

त्यांचा हा पत्रव्यवहार प्रोग्रामच्या वेबसाईटवर होता, कुणालाही वाचता येण्यासारखा. एकदा मी वाचला. तिने लिहिलं होतं, "माझ्या एका हातात सुया असतात, म्हणून मी एकाच हाताने टाईप करते. भीती वाटते. काम सुरू असलं की ती कमी वाटते." मला मात्र ती दर वेळी म्हणायची, "बरी आहे गं, तुझं सांग." माझा नुसता जळफळाट झाला. ज्याचा चेहराही तिने पाहिला नव्हता, त्याला तिची भीती ठाऊक होती.

शेवटी कारण तिनेच शोधलं. रेंज नसताना टाईप केलेली अक्षरं प्रोग्राम पाठवायची म्हणून धरून ठेवायचा आणि रेंज आल्यावर पाठवायचं विसरायचा. तिने त्या ओळी दुरुस्त करून पाठवल्या. तो तपासून कळवणार होता. तेवढ्यात तिला इन्फेक्शन झालं, आणि…

मी त्याला दोन ओळींत कळवलं. त्याचं उत्तर आलं ते पानभर. ते इथे देत नाही. ते तिचं आणि त्याचं आहे. शेवटी विनंती होती. दुरुस्ती त्याला बरोबर वाटत होती, पण तसं नेटवर्क त्याच्याकडे नव्हतं. तिच्याच जागी बसून कुणी बघू शकेल का?

तिने दुरुस्त केलेला प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर घालून मी कल्याणला गेले. वृषालीच्या कोपऱ्यातल्या बेडवर एक आजोबा झोपले होते. सिस्टरने बाजूला स्टूल दिलं. "वृषालीताई इथूनच ओरडायच्या, गेली बघा रेंज!" ती हसत म्हणाली, आणि आजोबांची नळी तपासायला वळली.

रेंज गेली. मी भराभर टाईप केलं. खिडकीत काहीच उमटलं नाही. आजोबांनी कूस बदलली, मशीन घरघरत राहिलं… आणि रेंज येताच एकदम सगळी अक्षरं आली, एकही न गाळता, पाठोपाठ सर्व्हरचं उत्तर.

त्याला मी लगेच कळवलं नाही. तशीच बसून राहिले. तिने केलेलं चालताना पाहायला तिथे तो नव्हता, मी होते.