शेवयांच्या मशीनचे साठ रुपये

आमच्या माहेरी एक रीत होती. कोणी काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं. चहा असो, चोळीचा खण असो, नाहीतर वाटीभर वरण असो. समोरच्यानं आग्रह करायचा, आपण पुन्हा नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा कुठं हात पुढं करायचा. पहिल्याच शब्दाला घेतलं की भिकारड्याची लेक ठरायचं. आईनं मला हे चिमटे काढून शिकवलं, मी माझ्या लेकीला शिकवलं. शेजारणीनं पेरू पुढं केला आणि पोरीनं पटकन घेतला, तर तिच्या दंडाला असा चिमटा काढला की डाग चार दिवस राहिला. आग लागो त्या रीतीला.

लेक तेव्हा आठ वर्षांची होती. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझा नवरा मलकापूरच्या कापसाच्या जिनात कामाला होता आणि त्यानं घरात दुसरी आणून बसवली होती. मी पोरीला घेऊन डोणगावला भावाकडं आले. भाऊ वाईट नव्हता, हे मी आजही सांगते. पण भाजीपाल्याचा एवढासा तुकडा, चार पोरं, त्यात आम्ही दोघी. भावजय तोंडानं काही बोलायची नाही, भाकरी मात्र मोजून थापायची.

दसऱ्यानंतर एकदा भाऊ मोटेपाशी बसून म्हणाला, "आखाजीपर्यंत राह्य. तवर तुहं काही जमलं तं जमलं. नाही तं मी तुले पोचवून देतो. लोकं मले विचारून राह्यले." माझ्याकडं बघत नव्हता, दोरखंडाची गाठ सोडवत होता. आखाजी म्हणजे वैशाखात लेकीबाळींनी माहेरी यायचा सण. साऱ्या गावाच्या लेकी येणार आणि मी निघणार.

जमवायचं काय, ते माझ्या डोक्यात पक्कं होतं. मलकापूरला आमच्या शेजारी एक म्हातारी शेवयांचं मशीन चालवायची. पितळी, जडशीळ, बाकड्याला पेचानं आवळलेलं. उन्हाळा लागला की बाया रव्याचं पीठ मळून घेऊन यायच्या, दारापासून विहिरीपर्यंत रांग. सहा उन्हाळे मी तिच्याकडं दांडा फिरवला. पीठ किती घट्ट लागतं, जाळी कुठं अडते, सगळं माझ्या हातात होतं. म्हातारी मेली आणि तिच्या लेकानं ते मशीन भांड्यांच्या दुकानात विकायला ठेवलं. दुकानदार साठ रुपये मागत होता. डोणगावात तेव्हा असं मशीन नव्हतं, बाया पाटावर हातानं वळायच्या. एक उन्हाळा हातात आला असता तर मोटारस्टँडामागं खोली घेतली असती, आणि पोर शाळेत राहिली असती. ती तिसरीत होती. गुरुजी म्हणाले होते, हिला काढू नका.

आधी तालुक्याच्या ब्यांकेत गेले. धुतलेलं लुगडं नेसून, पोरीला सोबत घेऊन. तिथला माणूस गोड बोलला, खोटं कशाला सांगू. म्हणाला, "बाई, नवऱ्याची सही लागते." मी म्हणाले, "साहेब, नवऱ्याची सही भेटली असती तं मी इथं काऊन आली असती?" तो हसला. मलाही हसू आलं, आणि बाहेर आल्यावर रडू आलं. मग सोसायटी. तिथं सातबारा हवा, आणि सातबारा भावाच्या नावावर. वर कर्ज पिकाला, शेवयांना नाही. "शेवया काय शेतात उगवतात का वं?" असं म्हणून तो कारकून दुसऱ्या कारकुनाकडं बघून हसला. सावकाराकडं गेले, तर त्यानं माझ्या गळ्याकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं, पायाकडं पाहिलं. चांदीचा तुकडा नव्हता. म्हणाला, "भावाले घेऊन ये." भावाला कसं नेऊ? त्याच्याच घरातून निघायला पैसे मागत होते ना मी.

राहिली आठवडी बाजारातल्या बायांची भिशी. मिरचीवाली बुढी ती चालवायची. बारा बाया, एक बाजार सोडून दर दुसऱ्या बाजाराला पाच पाच रुपये, आणि जिचा नंबर निघेल तिला साठ. मी बाजारात बसत नव्हते, पण बुढीकडं मिरच्यांची देठं खुडायला जायचे. हात रात्रभर चुरचुरायचे. बुढी म्हणाली, "ये वं, बारावी तू." दिवाळीनंतर सुरू झाली. पहिले पाच रुपये भरले, आणि आणखी पाच भाजीच्या ट्रकवाल्यासोबत मलकापूरला इसार म्हणून पाठवले. दुकानदाराचा निरोप आला, होळीपर्यंत ठेवतो, नंतर नाही.

लिहिता कोणाला येत होतं? चिठ्ठीऐवजी प्रत्येकीनं आपल्या मालातली एक वस्तू डब्यात टाकायची. सुकी मिरची, हळकुंड, लसणाची पाकळी, चिंचोका. कांदेवालीचा बोटाएवढा कांदा. माझा शेवईचा तुकडा, कागदात गुंडाळलेला. एखाद्या पोराला डोळे मिटून डब्यात हात घालायला लावायचं. आणि जिची वस्तू निघे, तिनं लगेच हात पुढं करायचा नाही. ती म्हणायची, "नको वं बाई, कोणाची नड असन तं तिले द्या." मग साऱ्या जणी, "असं कसं? तुह्या नशिबानं निघाली, घे." दोनदा तीनदा असं झालं की बुढी पैसे तिच्या ओटीत टाकायची. सात वेळा मी हे डोळ्यांनी पाहिलं. सातही वेळा असंच झालं.

आठवी खेप होळीच्या आधीची. त्या दिवशी हात घातला माझ्याच पोरीनं. कागदाची पुडी वर आली आणि ती ओरडली, "आई, आपली!" माय वं, काय सांगू. खोली दिसली, बाकडं दिसलं, दारापुढची रांग दिसली. बुढीनं नोटा माझ्यापुढं धरल्या. आणि माझ्या तोंडातून आपसूक निघालं, "नको वं माय, कोणाची नड असन तं तिले द्या."

कांदेवाली त्या दिवशी उशिरा आली होती. नवऱ्याला पहाटेपासून रक्ताच्या उलट्या होत होत्या, त्याला अकोल्याला न्यायचं होतं, आणि ती बाजारात पैसेच मागत फिरत होती. तिच्या कानाला कुठली रीत न् कुठलं काय. तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला. म्हणाली, "खरंच देतं का बाई? देवासारखी आलीस तू."

बुढी माझ्याकडं बघत राहिली. तिला सगळं ठाऊक होतं, मशीन, इसार, आखाजी, सगळं. तिनं मला वाटही करून दिली. म्हणाली, "बोल वं पोरी. तुहं काय म्हणणं हाय, सांग. मी अजून देल्ले नाही."

एवढंच म्हणायचं होतं, की मलाही हवेत. अकरा बाया ऐकत होत्या, त्यातली एक पदर पसरून उभी होती. काय जळलं होतं माझ्या जिभेला? मी म्हणाले, "द्या तिले."

तिचा नंबर आता माझा झाला. तिचा तो बोटाएवढा कांदा डब्यात माझ्या नावानं राहिला. उरलेल्या चार खेपांत तो कधीतरी निघणारच होता. पुढच्या वेळी निघाला असता तरी होळी टळून गेलेली होती, पण दुकानदाराच्या हातापाया पडता आलं असतं. पुढच्या वेळी हळकुंड निघालं. मग लसूण. मग चिंचोका. कांदा सगळ्यात शेवटी डब्याच्या तळाशी एकटा राहिला, त्याला कोंब फुटला होता. काढायला कोणाचा हातही लागला नाही, बुढीनं डबा उलटा केला. ट्रकवाल्यानं सांगितलं, मशीन गेलं, इसार बुडाला. आखाजीला चार दिवस राहिले होते.

कांदेवालीचा नवरा जगला. आता यावर काय बोलणार? मेला असता तर मला तिच्यावर रागावता तरी आलं असतं का, तेही नाही. तो काठी टेकत भावाच्या दारी आला, माझ्या पाया पडला, आणि चार कांदे ठेवून गेला. मी आत जाऊन भिंतीवर डोकं आपटलं. भावजयीनं पहिल्यांदा मला जवळ घेतलं.

बुढीनं साठ रुपये भावाच्या हातात दिले. माझ्या हातात द्यायला ती धजली नाही. भावानं त्यातून मला लुगडं घेतलं, पोरीला फ्रॉक, नवऱ्याला धोतरजोडी, आणि मोटारीची तिकिटं काढली. रिकाम्या हातानं बहीण कशी पोचवायची, असं त्याला वाटलं. त्याच्या मनात पाप नव्हतं. माझ्याच भिशीच्या पैशानं मी परत गेले.

मलकापूरला सवतीला तान्हं मूल होतं. शाळेचं नाव कोणी काढलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात सवत म्हणाली, पोरीला फुकट कोण पोसणार, जाऊ दे कामाला. दोन गल्ल्या पलीकडं एका बाईनं शेवयांचं मशीन घेतलं होतं, तिला दांडा फिरवायला पोरगी हवी होती. दिवसाला चार आणे. मी पोचवायला गेले तर बाकड्यावर तेच मशीन. जाळीच्या कडेला म्हातारीच्या हातून पडलेला पोचा तसाच होता.

दिवस कलल्यावर पोर घरी आली. तळहात सोलवटून निघाले होते, फ्रॉकवर पीठ. मी विचारलं, "पैसे?"

"नाही भेटले."

"काऊन?"

"ती देऊन राह्यली होती, आई," पोर म्हणाली. "मी नको म्हणलं."

"मंग?"

"मंग तिनं कनवटीला ठेवून देल्ले. मी दाराशी थांबली होती. मले वाटलं, ती पुन्हा घे म्हणन."

मी तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात तेवढी एकदाच. ती रडली नाही, नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिला कळतच नव्हतं, की आईनं शिकवलं तसंच तर तिनं केलं होतं.