तिसरा डबा, दुसरं दार

ओसाकाला असताना गाडीत माझ्या शेजारची जागा रोज रिकामी राहायची.

मी तेव्हा तिथल्या एका विद्यापीठात संशोधन करत होतो. तिशी नुकतीच ओलांडली होती. शहराच्या कडेला एका लाकडी इमारतीत खोली होती आणि तिथून रोज सकाळी पाऊण तासाचा रेल्वेचा प्रवास. गाडी भरायची. माणसं उभी राहायची, कड्यांना धरून डुलक्या घ्यायची, पण माझ्या शेजारी बसायची नाहीत. पहिल्या महिन्यात मी स्वतःच्या शर्टाचा वास घेऊन पाहिला. फोडणीचा वास येत असेल म्हणून सकाळी काही करायचं बंद केलं. पावावर लोणी लावून निघायला लागलो. जागा तरी रिकामीच.

त्याच डब्यात समोरच्या बाकाच्या टोकाला आणखी एक माणूस बसायचा आणि त्याच्याही शेजारी कोणी बसत नसे. एके दिवशी तो उठला आणि सरळ माझ्याजवळ येऊन बसला.

“तुमच्यापाशी एक रिकामी, माझ्यापाशी एक रिकामी,” तो इंग्रजीत म्हणाला. “आपण दोघं एकत्र बसलो तर जपानला एक जागा जास्त मिळेल.”

खरंच तो उठल्याबरोबर समोरच्या दोन्ही जागा भरल्या होत्या. मला खूप दिवसांनी हसू आलं.

तो फिलिपिनो होता. बायको जपानी, म्हणून त्याचे राहण्याचे कागद पक्के होते. भांड्यांना पॉलिश करायच्या कारखान्यात काम करायचा. मी चार-पाच वर्षांनी मोठा निघालो, तेव्हापासून तो मला ‘कुया’ म्हणायला लागला. त्यांच्याकडे दादाला कुया म्हणतात. त्या शहरात मला दादा म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि हे मला किती आवडत होतं ते मी त्याला कधी सांगितलं नाही.

जपानी गाड्यांचं त्याला फार नवल. “इथं गाडीत सगळे एकमेकांना चिकटून असतात आणि कोणीच कोणाबरोबर नसतं,” तो म्हणायचा. मग त्याच्या गावच्या जीपनीच्या गोष्टी सुरू व्हायच्या. जुन्या लष्करी जीपला ताणून लांब केलेली गाडी, आत समोरासमोर दोन बाक. कंडक्टर नाही. मागे बसलेला माणूस भाडं शेजाऱ्याच्या हातात देतो, ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातं आणि सुटे तसेच हातोहात परत येतात. उतरायचं झालं की नाण्यानं छतावर टकटक करायचं. त्याचं स्टेशन जवळ आलं की तो खिशातून एक नाणं काढून शेजारच्या लोखंडी दांड्यावर हळूच दोनदा वाजवायचा. झोपलेले दोन-तीन टायवाले डोळे उघडायचे. “बघा, थांबली,” तो म्हणायचा आणि उतरायचा.

मी एकदा विचारलं, “मध्येच कोणी भाडं ठेवून घेतलं तर?”

“का ठेवून घेईल, कुया? त्याचं नाही ना ते.”

आज इतक्या वर्षांनी वाटतं, माझ्या प्रश्नावरूनच त्यानं मला ओळखायला हवं होतं.

हिवाळ्यात त्यानं एक काम सांगितलं. त्याची एक मावसबहीण तो उतरायचा तिथून दोन स्टेशनं पुढे चढायची. एका हॉटेलच्या खोल्या साफ करायची आणि मालकानं दिलेल्या खोलीत चौघींबरोबर राहायची. तिचं गावाकडचं टपाल त्याच्या पत्त्यावर यायचं. “तिला रविवार नाही आणि मला रविवारशिवाय वार नाही. मी तिच्या आधी उतरतो. तुम्ही फक्त पुढे पास करायचं.”

तिथं फलाटावर डब्याचा आणि दाराचा आकडा रंगवलेला असतो, गाडी बरोबर तिथंच थांबते. ती तिसऱ्या डब्याच्या दुसऱ्या दारापाशी उभी असायची. मी पाकीट द्यायचो, ती दोन्ही हातांनी घ्यायची, “सालामात” एवढंच म्हणायची आणि लांब जाऊन उभी राहायची. सालामात म्हणजे आभार. तपकिरी कागदाचं, चिकटपट्टीनं घट्ट गुंडाळलेलं, तळहाताएवढं पाकीट. असं तीनदा झालं. आत काय आहे हे मी विचारलं नाही. सभ्यपणानं विचारलं नाही अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मग त्या वर्षीचा मार्च आला. तोक्योच्या भुयारी रेल्वेत कोणीतरी विषारी वायू सोडला, माणसं मेली. आमच्याकडेसुद्धा स्टेशनांवरच्या कचऱ्याच्या डब्यांची तोंडं बंद झाली. दर पाच मिनिटांनी लाउडस्पीकर सांगायचा, संशयास्पद वस्तू दिसल्यास हात न लावता कर्मचाऱ्यांना कळवा. करणारे जपानीच होते हे सगळ्यांना माहीत होतं, पण माझ्या पिशवीकडे लोक जास्त वेळ बघताहेत असं मला वाटायला लागलं. खरंच बघत होते की नाही, आज सांगता येणार नाही.

त्याच सुमारास एका रविवारी मी ओळखीच्या एका मराठी गृहस्थांकडे जेवायला गेलो. वीस वर्षं तिथं राहिलेले, बायको जपानी. वरणभात झाल्यावर मी सहज पाकिटाचा विषय काढला. त्यांनी ताटावरचा हात थांबवला.

“आत काय असतं?”

“माहीत नाही.”

“अरे, पीएचडी केलीस ना तू? माहीत नाही आणि नेतोस? उद्या पोलिसांनी धरलं तर काय सांगशील? तुझ्या व्हिसाच्या हमीपत्रावर प्रोफेसरांची सही आहे. तू जाशीलच, त्यांनाही मान खाली घालायला लावशील.”

त्यांची मुलगी जपानीतून काहीतरी बोलली. त्यांनी मराठीतून उत्तर दिलं, “काही नाही, काकांना शहाणं करतोय.”

तेव्हापासून मला गाडीतल्या त्या माणसाचं सगळंच वेगळं दिसायला लागलं. आपणहून शेजारी का येऊन बसला? पहिल्या दिवसापासून हेच मनात असेल का? बहीण खरंच बहीण आहे का? बोलत का नाही? चौथं पाकीट त्यानं दिलं तेव्हा मी ते कानाशी नेऊन हलवलं. आत काहीतरी खडखडलं.

“हे सांभाळून हं, कुया,” तो म्हणाला. याआधी तो असं कधी म्हणाला नव्हता. मग नाणं दोनदा वाजवून तो उतरला.

तिचं स्टेशन छोटं होतं, जमिनीलगतचं. तिकिटाचं फाटक फलाटावरूनच दिसायचं. गाडी आत शिरली तेव्हा फाटकाशी दोन पोलीस उभे दिसले. दुसऱ्या दाराच्या खुणेपाशी ती नव्हती.

मी फार विचार केला असं म्हणणार नाही. पाकीट वरच्या रॅकवर सरकवलं आणि दाराकडे निघालो. एक पाय फलाटावर पडला होता, तेवढ्यात मागून आवाज आला, “वासुरेमोनो!” काहीतरी विसरलात, असं. एक म्हातारी बाई होती. माझ्या समोरच बसलेली असणार, कारण पाकीट तिनं रॅकवरून काढलं होतं आणि चवड्यांवर उभी राहून ते दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं होतं. पोलीस पन्नास पावलांवर होते.

“माझं नाही,” मी जपानीत म्हणालो. माझी जपानी यथातथाच होती, पण हे वाक्य अगदी स्वच्छ आलं.

दार बंद झालं. काचेआड ती पाकीट धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. तिला काही कळलंच नव्हतं.

फाटकाशी गेलो नाही तर जास्त संशय येईल म्हणून मी तिकडे गेलो. एका पोलिसानं वाकून माझ्या हातात कागदी रुमालांचं छोटं पुडकं दिलं. वर सायकलचं चित्र होतं. सायकलला दोन कुलपं लावा, चोऱ्या वाढल्या आहेत, तो म्हणाला. दुसरा पोलीस पुडक्यांचं खोकं धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला सांगितलं की ती दिसली नाही, आणि पोलिसांच्या गडबडीत पाकीट रॅकवर राहिलं. यातलं अर्धं खरं होतं.

तो घाबरला आणि लगेच सावरला. “तीही पोलीस बघून फलाटावरच्या पेयांच्या मशिनच्या मागे उभी राहिली होती. तिचे कागद सरळ नाहीत ना. मागच्या गाडीनं गेली.” मीही मागच्याच गाडीनं गेलो होतो, मुद्दाम पहिल्या डब्यातून. “पण रॅकवर राहिलं ना? मग काळजी नाही. जपान आहे. शेवटच्या स्टेशनवर हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस असतं, तिथं छत्र्यासुद्धा परत मिळतात. तुम्ही जाल का, कुया? कुठली गाडी, कुठला डबा, सगळं विचारतात. आणि मी सुटेपर्यंत ते बंद होतं.”

मग त्यानं न विचारताच सांगितलं. पाकिटात कॅसेट असायची. तिची आई आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा गावाकडे टेपवर बोलायचे आणि ती इकडे खोलीत चौघींच्या मध्ये कानाला यंत्र लावून ऐकायची. आईला घशाचा रोग झाला होता. ऑपरेशन ठरलं होतं, त्यानंतर बोलता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून ही कॅसेट आईनं एकटीनं भरली होती, दोन्ही बाजू.

मी त्याच दुपारी त्या ऑफिसात गेलो. खिडकीपुढे तीन माणसं होती. फॉर्मवर नाव, पत्ता, नोकरीचं ठिकाण, वस्तूचं वर्णन असे रकाने. खिडकीशेजारी संशयास्पद वस्तूंचं तेच पत्रक. मला वाटलं, म्हातारीनं सांगितलंच असणार: एका परदेशी माणसानं ठेवलं आणि माझं नाही म्हणाला. आता तोच माणूस मागायला आलाय. फोन प्रोफेसरांना जाईल. कॅसेटच आहे हे तरी कशावरून, असंही मनात आलं. तो सांगतो म्हणून? माझ्या पुढची दोन माणसं आपापल्या छत्र्या घेऊन गेली आणि मी रांगेतून बाहेर पडलो.

“मिळालं नाही,” मी दुसऱ्या दिवशी त्याला म्हणालो.

“जपानमध्ये मिळालं नाही?” त्यानं वरच्या रॅककडे पाहिलं. मग म्हणाला, “तुमच्यासमोर कोण बसलं होतं, आठवतं का?”

“एक म्हातारी,” मी म्हणालो.

“तिनंच घेतलं असणार.”

त्यानंतर रोज गाडीत शिरल्यावर तो म्हाताऱ्या बायकांचे चेहरे बघायचा. “ही का?” विचारायचा. मी मान हलवायचो, नाही म्हणून. एका निरपराध बाईला त्यानं चोर ठरवलं आणि मी ते ठरवू दिलं. संशयाची मला इतकी सवय झाली होती की तो दुसऱ्या कोणावर गेला याचं मला चक्क बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी तो नाणं न वाजवताच उठला. दाराशी उभा राहून म्हणाला, “तिनं कार्डफोनवरून आईला सांगितलं, पुन्हा एकदा भर. आईनं प्रयत्न केला म्हणे. आवाज निघाला नाही. ऑपरेशनच्या आधीच गेला.”

त्या दिवशी मी माझ्या स्टेशनवर उतरलो नाही. सरळ शेवटच्या स्टेशनवर गेलो.

खिडकीतल्या माणसानं गाडी विचारली, डबा विचारला. “आत काय होतं?” त्यानं विचारलं.

“कॅसेट,” मी म्हणालो. हे मी स्वतः पाहिलं नव्हतं. त्याच्या शब्दावर सांगत होतो, पहिल्यांदाच.

पाच मिनिटांत पाकीट समोर आलं. त्यांनी ते उघडून पाहिलं होतं आणि आमच्यापेक्षा नीट परत चिकटवलं होतं. वर एक चिठ्ठी बांधलेली होती. ती मला वाचता येईना, म्हणून त्यानं वाचून दाखवली. वस्तू सापडलेल्या बाईंनी लिहून ठेवलं होतं: चष्मा लावलेल्या परदेशी गृहस्थांची असावी, ते घाईत उतरले, त्यांची तब्येत बरी दिसत नव्हती, विचारायला आले तर कृपया द्यावी.

मी सही केली. कोणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाकीट त्याच्या हातात देऊन मी सगळं सांगितलं. रॅक, पोलीस, म्हातारी, रांग. चार स्टेशनं मी बोलत होतो. त्यानं चिकटपट्टी अंगठ्यानं दोनदा चाचपली. त्याचं स्टेशन आलं आणि गेलं, तो उतरला नाही. तिच्या स्टेशनवर तिसऱ्या डब्याच्या दुसऱ्या दारातून ती आत आली आणि त्यानं पाकीट स्वतः तिला दिलं. ती फलाटावर परत उतरली आणि खांबाला टेकून तिथंच खाली बसली. तोही तिच्या मागोमाग उतरला. दाराशी वळून मला म्हणाला, “थँक यू, सर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच डब्यात होता, पण समोरच्या बाकाच्या टोकाला, पूर्वीच्या जागी. मी मान लववली. त्यानंही लववली. मला आणखी दीड वर्ष तिथं काढायचं होतं. गाडी भरत गेली, माणसं कड्यांना धरून उभी राहिली. त्याच्याजवळ एक जागा रिकामी राहिली आणि माझ्याजवळ एक. माझ्याजवळची का रिकामी आहे हे आता मला शर्टाचा वास न घेताही माहीत होतं.