गुंडूचं तळं

आटपाट कवठेमहांकाळ होतं. तिथं मेंढरं राखून म्हातारा झालेला माझा नवरा, मी, लेक तानाजी आणि पलूसची सून वैशाली. वैशालीचं एक कासव, गुंडू. मला लिहाय-वाचाय येत नाही, त्यामुळं सगळे किस्से डोक्यातच साठतात. आता ओझं झालंय, म्हणून सांगून उतरवते.

०

गुंडू माहेराहून टबात बसून आला. पलूसला दारात पाणी, आमच्याकडं टँकर. उन्हाळ्यात टब चहासारखा तापला आणि गुंडूनं खाणं सोडलं. वैशालीनं टब उचलून एसटी धरली. जाताना म्हणाली, "आत्या, ह्येला अंगणात तळं हुईल तवाच बोलवा."

भाकऱ्या थापायला मी उरले. माझी कंबर कुणी विचारलीच नाही.

०

तानाजीनं खड्डा काढला. गावाला वाटलं, बोअर मारतोय. शेजारची रुक्मिणकाकू घागर घेऊनच आली. म्हटलं, "पानी न्हाई बाई, कासवाचं तळं हाय."

घागर तिथंच ठेवून म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे हितंच. कासव पिऊन पिऊन किती पिणार हाय!"

०

म्हातारा खाटेवरून रोज एकदा बोलायचा, जेवणाआधीच्या गोळीसारखं. "मानसं टँकरमागं पळत्यात, आन् कासवाला तळं."

०

तानाजीनं खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरला. आमच्या कुत्र्याला ते गार अंथरूण लय आवडलं. नखांनी उकरून त्यानं आपल्यापुरती जागा केली, आणि कागदाची चाळण झाली.

मग कागद काढून चिकट काळी माती आणून चोपली. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत जमिनीत.

०

हात टेकून तानाजी पलूसला गेला आणि एकटाच परत आला. वैशालीनं पोटभर जेवायला घातलं, गुंडू दाखवला आणि एसटीत बसवून दिलं म्हणे.

त्या दिवशी म्हातारा खाटेवरून उठला आणि खड्ड्यातली माती पायानं दाबून बघून आला. जेवला पण अर्धाच.

०

दुसऱ्या सकाळी मेंढरांची वाघर, म्हणजे त्यांना कोंडायची जाळी, सुटली. सगळी मेंढरं तळ्यात. तळाशी गढूळ उरलं होतं तेवढं पाणी प्यायली, चिखल तुडवला, लेंड्या टाकल्या. तानाजी डोकं धरून बसला. "आबा, वाघर कुनी सोडली?"

म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "बांधायची राहिली आसंल." उभ्या जन्मात ह्याच्या वाघरीतून कोकरू सुटलं नव्हतं.

पुढचे दोन दिवसही ती राहिलीच. ओरडायचं त्राणही माझ्यात नव्हतं.

चौथ्या दिवशी तानाजीनं टँकरवाल्याच्या हातापाया पडून तळं भरलं. खुरांनी माती अशी बसली होती की हप्ता झाला तरी पाणी हलेना.

निरोप धाडला, तशी वैशाली एसटीत मांडीवर टब घेऊन आली. गुंडू पाण्यात उतरला, बुडाला, लांब जाऊन त्यानं मुंडकं काढलं. तिनं पदर खोचला आणि परात ओढली. मी भिंतीला टेकले. किती दिवसांनी, देव जाणे.

ताट वाढताना तिनं हळूच विचारलं, "मामा, वाघर खरंच राहिली व्हती?"

म्हातारा म्हणाला, "आजून एक भाकरी घाल, पोरी."