शेवंती वासराला वाचून दाखवायची

आमच्या कुंभारवाड्याच्या शाळेच्या गोष्टी म्हणजे पडवीत रचून ठेवलेला लाकूडफाटा. एक ओंडका ओढावा तर चार अंगावर येतात.

गुरुजी एकटे, वर्ग चार, खोली एक. म्हणून पहिलीची पोरं शेजारी माझ्या पडवीत बसायची. मी शाळेची पायरी चढलेली नव्हते. कोळशानं भिंतीवर गिरवून शिकले, आणि चांगलं शिकले. कुणी म्हणालं, "बाईमाणूस काय शिकवणार?" तर मी म्हणायची, "तुझं पोरगं वाचाय लागलं की ये इचाराय."

*

शेवंती दोन वर्षं पहिलीतच होती. तोंडातून शब्द नाही. काही विचारलं की पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरायची. ती बसायची तिथं खड्डाच पडला.

गुरुजी बेळगावकडचे, सरळ माणूस. म्हणाले, "अक्का, हिला ऐकू येत नसावं."

मी मागं जाऊन हळूच म्हटलं, "शेवंते, फणसाचं गरं खातीस?" पोर गर्रकन वळली.

"ऐकाय येतंय गुरुजी. आता आपलं काय चुकतंय ते बघूया."

*

तिचा बाप जंगलात लाकूडतोडीला जायचा. एक दिवस पडवीशी येऊन म्हणाला, "अक्का, काढतो हिला. गुरं तरी राखंल."

"इन्स्पेक्टर येऊ दे. त्याच्यापुढं वाचलं न्हाई तर ने."

बोलून बसले खरी. रात्री जेवण गेलं नाही.

*

दोन दिवस शेवंती आलीच नाही. शोधत गेले तर माळावर घरच्या वासराच्या कानाशी तोंड नेऊन धडा म्हणतेय. घडाघडा! वासरानं मान फिरवली तशी त्याला म्हणाली, "लक्ष कुठं हाय तुझं? परत म्हण."

आवाज माझा, दरारा माझा.

दुसऱ्या दिवशी वासरू पडवीच्या खांबाला बांधलं. गुरुजी म्हणाले, "अक्का, शाळा आहे ही."

"मग शिकू द्या की त्याला बी."

*

इन्स्पेक्टर आले. गुरुजींनी त्यांना हार घातला. शेवंतीला उभं केलं. अंगठा सुरू.

"आणि हे वासरू इथं कशाला?"

"पहिलीत हाय साहेब," मी म्हटलं.

शेवंतीनं वासराचा कान धरला आणि अख्खं पान वाचलं. तोवर वासरानं साहेबांच्या हाराची निम्मी फुलं खाल्ली.

साहेब म्हणाले, "मुलगी पास. वासराला आणखी एक वर्ष बसवा."

बाप दाराआड उभा होता. डोळे पुसून निघून गेला.

*

चौथी केली, पुढं लग्न करून तिला दिग्गी गावात दिली. बापानं ते वासरू, आता चांगला खोंड, तिला आंदण दिलं. एवढ्या वर्षांत पोरीनं मला एकदाही अक्का म्हणून हाक मारली नाही. मला त्याचं काही नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. पडवी दर आठवड्याला सारवायची, तो खड्डा तेवढा बुजवला नाही.

*

पुढं एकदा उळवीच्या जत्रेत बैलगाड्यांच्या गर्दीत शेवंती दिसली. कडेवर मूल. मला बघून जागच्या जागी थांबली. अंगठ्यानं माती उकरायला लागली. मीही गप्प. मी, आणि गप्प!

मग ती आपल्या गाडीच्या बैलाकडं वळली. त्याचा कान धरला आणि मला ऐकू जाईल असं म्हणाली,

"वळखलास न्हवं? आमच्या अक्का हायत ह्या."